चाकातलं तूप

ब्रेक हळू दाबला की माझी गाडी रडायची. जोरात दाबला तर गप्प. म्हणजे समोर म्हैस आली, ट्रक आडवा आला, तर आवाज नाही. पण कॉलेजच्या फाटकापाशी, चार ओळखीच्या माणसांसमोर, शहाण्या बाईसारखी सावकाश थांबायला गेले की मागून असा सूर निघायचा की वॉचमन चहाचा कप खाली ठेवून बघायचा. मी नवापूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. इतर शिक्षकांच्या बोलण्याची, चालण्याची नक्कल होते. माझ्या ब्रेकची व्हायची.

आधी मी पुढच्या चाकांवर संशय घेतला. आवाज पुढून येतो असं वाटायचं, कारण मी पुढे बसते. नवापूरच्या एका गॅरेजवाल्याने पुढचे ब्रेकपॅड बदलले, हवा मारली, पाणी मारलं आणि "आता नाही बोलणार" म्हणून सांगितलं. काही दिवस खरंच बोलली नाही. मग मी शहाद्याला आईकडे जाऊन आले आणि ती पुन्हा बोलू लागली. दुसऱ्या खेपेला त्याने मागच्या चाकाचा ड्रम उघडायचा प्रयत्न केला, पण तो गंजून असा धरला होता की एकदोन हातोडे मारून त्याने नाद सोडला आणि सगळं बाहेरूनच धुऊन दिलं. पुन्हा थोडी शांतता, पुन्हा शहादा, पुन्हा रडणं. तऱ्हा माझ्यासारखीच होती तिची. शहाद्याहून परतलं की तिलाही करमायचं नाही.

रस्त्याला दोष देणं सोपं होतं. हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर सगळा रस्ता अडवून चालतात. त्यांच्या मागे पहिल्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवून सरकत राहायचं आणि धूळ खायची. प्रकाशाच्या पुलावर तापीचा वारा. मी ठरवूनच टाकलं की वाळू आत जाते. आणखी एक गोष्ट होती. प्रकाशा मागे पडून नंदुरबार जवळ आलं की गाडीत करपलेल्या तुपाचा वास यायचा. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं: मागच्या सीटवर आईने दिलेला चुरम्याच्या लाडवांचा डबा. झाकण नीट बसलं नसेल, असं म्हणायचे, आणि त्या वासाने आईचं स्वयंपाकघर आठवायचं. विसरवाडीच्या चौकात पोचेपर्यंत मी बहुतेक वेळा रडून झालेली असायचे. तिथे ट्रक आणि बसच्या गर्दीत डोळे पुसायचे, कारण पुढे नवापूर, आणि तिथे मी मॅडम.

आमचं घर शहाद्याच्या बाजारपेठेत आहे. मारवाडी जैन, खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. वडील गेल्यापासून दुकान भाऊ बघतो. दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणी, शाळेत मराठी आणि जिना चढून वर आलं की मारवाडी, अशी आमची तीन मजल्यांची जीभ. आईला आम्ही मां म्हणतो आणि ती आम्हा मुलींना बाई म्हणते. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, त्यात तिचा गोडवा थोडा कमी होतो, त्याला इलाज नाही.

आमच्यात मुलगी सासरी निघाली की आई तिच्या गाडीचं चाक धुते. कलशातून पाणी घालायचं, कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, चाकाखाली नारळ ठेवायचा. नारळ फुटला की गाडी निघाली. नवरी मागे डाव्या खिडकीशी बसते म्हणून आमच्या घरात धुतात ते मागचं डावं चाक, अगदी तिच्या पायाखालचं. रीत पाण्याची. तूप मात्र आईने पदरचं घातलेलं. कुंकू ती तुपात कालवते आणि वर चमचाभर तूप चाकाच्या मध्यावर सोडते, लेकीचा रस्ता मऊ जावा म्हणून. माझ्या दोघी थोरल्या बहिणी अशा मऊ रस्त्याने गेल्या. दोन्ही वेळा मी गॅलरीतून बघत होते.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं नातेवाइकांकडे भरपूर आहेत, त्यांना विचारा. चाळिशी जवळ आली, नवापूरला कायमची नोकरी लागली, मी छोटा फ्लॅट घेतला, ही गाडी घेतली आणि एका सकाळी सामान भरून निघाले. गाडी सुरू करणार तोच आई थाळी घेऊन जिना उतरताना दिसली.

"मां, हे काय? सगळा बाजार बघतोय."

"बघू दे," ती म्हणाली आणि मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली.

मी पुढे स्टिअरिंग धरून, आणि ती मागे, रिकाम्या सीटखालचं चाक धुतेय. समोरच्या भांड्यांच्या दुकानातला नोकर तोंड उघडं टाकून उभा होता. मला राग आला, लाज वाटली, आणि बाजाराबाहेर वळल्यावर मी गाडी कडेला घेऊन हमसून हमसून रडले. तिने मला सासरी पाठवलं होतं. सासर तेवढं नव्हतं.

मग ते दर खेपेला सुरू झालं. मी सुट्टीला यायचे, दोन दिवस राहायचे, आणि निघताना थाळी. भावाने चेष्टा केली, भाभीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मलाही सवय झाली. सवय कसली, ओढ लागली. आरशात तिची वाकलेली पाठ दिसायची, आणि वाटायचं, ही मला थांब का म्हणत नाही? पाठवण्याची एवढी तयारी, आणि ठेवून घ्यायचा एक शब्द नाही.

पण खरी बोच वेगळीच होती. पाठवणी झालेल्या मुलीच्या घरचं पाणी आमच्यात आईवडील पीत नाहीत. हल्ली हे कोणी पाळत नाही. माझ्या मैत्रिणींच्या आया मुलींकडे जाऊन महिना महिना राहतात आणि जावयाच्या चहाला नावं ठेवतात. माझी आई पाळते. बहिणींकडे गेली तरी पाण्याची बाटली शहाद्याची. मला वाटलं होतं, माझी गोष्ट निराळी. मला नवरा नाही, सासू नाही. माझं घर ते तिचंच. पण तिने चाक धुतलं होतं. तिच्या लेखी मी गेले होते. इतक्या वर्षांत ती एकदाही माझ्याकडे आली नव्हती. मला दुसरं काही नको होतं. तिने एकदा जिना चढून यावं, माझ्या खुर्चीत बसावं आणि माझ्या हातचं पेलाभर पाणी प्यावं, एवढंच.

एकदा ती अगदी दारापर्यंत आली होती. नवापूरला नात्यातलं लग्न होतं. भर उन्हाळा. परतताना भावाने गाडी माझ्या इमारतीखाली उभी केली. मी म्हणाले, "मां, दोन मिनिटं वर चल. पाणी नको पिऊस, पंख्याखाली बस नुसती." ती गाडीतच बसून राहिली. पदराने घाम पुसला, बाटलीतलं कोमट पाणी एक घोट प्यायली, आणि मान वर करून माझ्या गॅलरीकडे बघत म्हणाली, "तो निळा दुपट्टा वाळत घातलाय, तो तुझाच का गं?" मी हो म्हणाले. "रंग उडतोय त्याचा. सावलीत घालत जा." मग गाडी निघून गेली. मी वर आले आणि तो दुपट्टा काढून कपाटात कोंबला. पुन्हा कधी घातला नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत शहाद्याला आले तेव्हा गाडीचं रडणं हाताबाहेर गेलं होतं. शिवाय एक नवं लक्षण: ब्रेक दाबला की गाडी थोडी उजवीकडे ओढायची. बाजारात शिरताना मी दुकानापुढे थांबले तर भाऊ आतून ओरडला, "ताई आली, दार उघडा! हॉर्नचे पैसे वाचवते ती." पण मग बाहेर येऊन गंभीर झाला. म्हणाला, अशी गाडी घेऊन तू परत जायचं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रकाशा रस्त्यावरच्या गॅरेजात निघाले. आईला वाटेत देरासरात, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जायचं होतं, म्हणून ती बसली. बसली म्हणजे मागे, डाव्या खिडकीशी. दर्शन झाल्यावर म्हणाली, "आता मला घरी कशाला सोडतेस, उलटा फेरा पडेल. मीही येते."

गॅरेजवाला आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, माझ्याच वयाचा. त्याने आधी मला गाडी हळूहळू चालवायला लावली आणि स्वतः कान वाकडा करून बाजूने चालत राहिला. आई खिडकीतून त्याच्याकडे बघत होती.

"पुढला नही, ताई," तो म्हणाला. "मांघला डावा शे."

जॅक लावून चाक काढलं. वरची प्लास्टिकची टोपी केव्हाच कुठेतरी पडून गेली होती, मला पत्ताच नव्हता. आत तांबडा, गंजलेला ड्रम. त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन उघडी भोकं. ड्रम धरला असेल तर त्यांत बोल्ट फिरवायचे, म्हणजे तो आपणहून बाहेर सरकतो. तसे बोल्ट फिरवत, मधूनच लाकडी ठोकळ्याने टोले देत त्याने तो सोडवला. ड्रम हातात आला आणि त्याच क्षणी मला तो वास आला. करपलेल्या तुपाचा. मी सवयीने मागच्या सीटकडे बघितलं. सीटवर डबा नव्हता.

गॅरेजवाल्याने ड्रम उन्हात धरला. आत काळा, चिकट लेप बसलेला. बोटाने थोडा खरवडला तर खालून लाल रंग निघाला. आणि तांदूळ. काळे झालेले, तुटलेले, पण तांदूळच. तो मोठ्याने हसला.

"ताई, तुम्हना ड्रममा ते बठ्ठं लगीन निंघनं!"

अख्खं लग्न निघालं म्हणे. मी आईकडे बघितलं नाही. घाईघाईने म्हणाले, "उंदीर असेल हो. दुकानापुढे गाडी लावतो ना आम्ही, उंदीर फार झालेत."

"उंदीर कुंकू लावस का, ताई?"

"मी घातलं," मागून आई म्हणाली.

ती केव्हा उतरून आली कळलं नाही. पदर सावरून उभी होती, आणि त्या ड्रमकडे, एखाद्याच्या घरात चुकून नको ते दिसावं, तशी बघत होती. गॅरेजवाल्याचं हसू मावळलं. त्याने हात पुसले, आवाज खाली आणला.

"पानी चालस, माय. तूप नही चालस. तूप लागनं की ब्रेक धरत नही."

"धरत नाही म्हणजे?"

त्याने तिला सगळं दाखवलं. हे लायनर, ते ड्रमला आतून घासतात तेव्हा चाक थांबतं. तूप ह्या भोकांतून आत गेलं, ब्रेकच्या तापाने वितळलं, लायनरने शोषलं. वर धूळ बसली, घासून घासून काचेसारखी चमक आली. म्हणून रडणं. उजवं चाक धरतं, हे डावं सुटतं, म्हणून गाडी ओढते. आई लहान मुलाने गणित ऐकावं तसं ऐकत होती. शेवटी तिने फक्त एक विचारलं, "म्हणजे जेवढं मी जास्त घातलं, तेवढं हिचं चाक कमी थांबायचं?"

त्याने मान डोलावली आणि तो कामाला लागला. भिजलेले लायनर काढून नवे बसवले. ड्रम पेट्रोलने धुतला, पॉलिश पेपरने आतून गोल गोल घासला, तेव्हा त्यातून लालसर पाणी निघालं आणि मातीत जिरलं. मला ते बघवलं नाही. माझ्या सगळ्या पाठवण्या त्या पाण्यात होत्या. वेडेपणा आहे, गाडी दुरुस्त होत होती, आणि मला मात्र त्याला सांगावंसं वाटत होतं की थोडं राहू द्या.

परत येताना ब्रेक दाबला तर गाडी नुसती थांबली. आवाज नाही, ओढणं नाही. बाजार जवळ आल्यावर आई मागून म्हणाली, "मी रस्ता मऊ करत होते गं."

"ठाऊक आहे मला."

"तुला काही झालं असतं तर?"

मी गाडी थांबवली. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण माझी जीभ सुटली ती सुटलीच. "मां, झालं नाही ना काही? तूप घालू नकोस, झालं. आणि खरं सांगू? पाणीपण घालू नकोस. मला पाठवूच नकोस. दर खेपेला कशाला घालवून देतेस मला? लोक सकाळी कामावर जातात तशी मी जाईन. कोणी चाकं धुतं का त्यांची?"

"न पाठवता जाशील?"

"जाईन."

त्या दिवशी ती जेवली थोडंच. संध्याकाळी मला वाटलं, आपण तिच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेतली. बहिणींना देण्यासारखं तिच्याकडे खूप होतं, साड्या, दागिने, नातवंडांचे लाड. मला द्यायला ती थाळी होती. मनात आलं, जाऊन म्हणावं, घाल गं बाई पाणी, चालतं. पण गेले नाही. मलाही हट्ट होता, तिचाच.

सकाळी मी सामान गाडीत ठेवलं. भाऊ दुकान उघडत होता. आई खाली आली, हात मोकळे. थाळी नाही, कलश नाही, लाडवांचा डबासुद्धा नाही. मला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलं नाही. पोरकं वाटलं. मी पाया पडले, गाडीत बसले, आरशात बघायचं नाही असं ठरवलं.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आई आत बसली. मांडीवर तिची कापडी पिशवी.

"कुठे सोडू? देरासर?"

"नवापूर," ती म्हणाली.

भाऊ दुकानाच्या पायरीवरच थबकला. भाभी वरून गॅलरीतून वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की पिशवी तिनेच भरून दिली आहे.

"मां, अगं पण तुझं ते पाणी..."

"पाठवलेल्या लेकीच्या घरचं पाणी चालत नाही," आई दुकानात भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली. "तुला आज पाठवलं कुठे? चाक कोरडं आहे, खाली उतरून बघ हवं तर. न पाठवलेली लेक जिथे राहते ते आईचंच घर. रात्रभर विचार केलाय मी, मला शिकवू नकोस. चल आता, ऊन होईल."

आमच्या घराण्यात नियम मोडत नाही कोणी. वळवतात.

मी गाडी कशी चालवली ते सांगता येणार नाही. प्रकाशा, नंदुरबार, विसरवाडी, माझी सगळी रडण्याची ठिकाणं एकामागून एक गेली, आणि मी रडले नाही, कारण मागून सारखं चालू होतं, हळू घे, त्या बसच्या मागे नको, एवढं का जवळ जातेस. नवापूरला इमारतीखाली थांबले. ती कठड्याला धरून एक एक पायरी चढली, मध्ये दोनदा टेकली. मी कुलूप उघडलं.

ती खुर्चीत बसली. पंखा लावला. भिंतींकडे, छताकडे, दारामागच्या झाडूकडे तिने सावकाश बघितलं. मी स्वयंपाकघरातून पेला भरून आणला आणि तिच्यापुढे धरला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते घडत होतं, आणि मला भीती वाटत होती की आता ती पिशवीतून बाटली काढेल.

"गाळलंय का?" तिने विचारलं. घरी आम्हाला विचारते तसंच, संशयाने.

"गाळलंय. उकळलंयसुद्धा."

तिने पेला घेतला. दोन्ही हातांनी धरून, न थांबता, सगळा प्यायली. मी तिच्यासमोर उभी राहून रडत होते आणि ती बघून न बघितल्यासारखं करत होती. मग रिकामा पेला माझ्याकडे करत म्हणाली, "अजून अर्धा दे. लांबून आलेय."